छबूबाईचा सोमवार

दीपक, मोबाइलची बॅटरी बंद कर. लाइट यायची तेव्हा येईल. सई, तू कठड्यापासून इकडं सरक. सांगतो, पण मध्येच हसायचं नाही. ही माझ्या भाचीच्या मुलीची गोष्ट आहे. ती पोरगी आज पुण्यात वकिलीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. खोटं वाटलं तर उद्या तिलाच फोन लावा.

सुरुवात अगदी साधी होती. आम्ही एक पुस्तक मागायला गेलो होतो.

पळसदेवची सोनम तेव्हा बारावीला होती. बारावीनंतर पाच वर्षांची वकिली असते, तिची प्रवेश परीक्षा तिला द्यायची होती. लॉ सीईटी म्हणतात तिला. सोनमचा बाप धरणाच्या पाण्यावर मासे धरतो, काठाला थोडी शेती करतो. तो म्हणाला, "एक डाव बस परीक्षेला. न्हाय लागला नंबर, तर मे महिन्यात पाव्हणं बघायचं. मग रडारड चालायची न्हाय."

एकच संधी. आणि घरात ना कॉम्प्युटर, ना पुस्तकं.

म्हणून मी तिला बारामतीला बापूसाहेब वकिलांच्या घरी नेलं. मी त्यांच्याकडं एकतीस वर्षं कारकून होतो, हे तुम्हाला माहीत आहे. बापूसाहेबांना तेव्हा अर्धांगवायू होऊन दोन वर्षं झाली होती. उजवी बाजू गेलेली, जीभ जड, आतल्या खोलीत पडून असायचे. मालतीकाकू म्हणाल्या, "पुस्तक कशाला नेता, गेणबा? पोरीलाच राहू दे इथं. संध्याकाळी ह्यांना पेपर वाचून दाखवेल. पुढचं ऑफिस रिकामंच असतं. कॉम्प्युटर आहे, कपाटं भरून पुस्तकं आहेत."

सोनमनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच तिला नंबर लावून दिला.

ते घर जुन्या पेठेतल्या गल्लीत आहे. पुढं ओसरी, ओसरीवर पक्षकारांसाठी लाकडी बाकडं. मग ऑफिस. ऑफिसातून आत घर. सोनम रोज संध्याकाळी ऑफिसात बसायची आणि प्रश्न मोठ्यानं वाचायची. त्या परीक्षेत एक तऱ्हा असते. वर कायद्याचं एक तत्त्व दिलेलं असतं, खाली एक प्रसंग, त्याखाली चार पर्याय. तत्त्व प्रसंगाला लावायचं. आपल्या मनाचं त्यात काही मिसळायचं नाही. अमक्याची दया आली, तमक्याचा राग आला, असलं काही चालत नाही.

डिसेंबरातला पहिला सोमवार. पावणेआठ झाले होते. सोनम वाचत होती आणि बाहेरून एका बाईनं हाक मारली.

"बाई, माजी तारीख पडली का?"

सोनम थांबली. आत स्वयंपाकघरात काकू गवार मोडत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "सांग गं तिला, पडली म्हणावं. पुढच्या सोमवारी या."

सोनमनं सांगितलं. बाहेर कुणीतरी उठल्यासारखं वाजलं. पायऱ्या उतरल्याचं वाजलं. बस.

पुढच्या सोमवारी पुन्हा. तीच वेळ, तोच आवाज. त्या वेळी सोनमनं खिडकीतून बघितलं. ओसरीवर दिवा होता. बाकडं रिकामं होतं.

ती आत धावली. काकूंनी पोळी तव्यावर टाकली, उलटली, मग म्हणाल्या, "छबूबाई म्हणून होती. इंदापूर तालुक्यातली. ह्यांची पक्षकार. त्याच बाकड्यावर गेली, त्याला बारा वर्षं होतील. घाबरू नकोस. ती आत येत नाही. तेवढं एक वाक्य लागतं तिला."

"आणि न्हाय सांगितलं तर?"

"आत्तापर्यंत प्रत्येकानं सांगितलंय. तुला इथं राहायचं असेल तर तूही सांगशील."

काय म्हणतोस, दीपक? पळाली का नाही? कुठं पळणार? पळसदेवला? मे महिना तिच्यासाठी तोंड वासून बसला होता. ती राहिली. दर सोमवारी पावणेआठला ते वाक्य म्हणायची, आणि पुन्हा प्रश्न सोडवायला लागायची. मार्क वाढत होते. मला फोनवर सांगायची, "आबा, पेपर वेळेच्या आत होतोय आता." त्या बाईबद्दल एक शब्द बोलली नाही. मी विचारलंही नाही.

मला माहीत होतं, सई. सगळं माहीत होतं.

मार्च संपता संपता सरावात एक प्रश्न आला. तत्त्व असं होतं, की जमिनीचा ताबा परत मागायचा तर बारा वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. मुदत गेली की हक्क गेला. खालच्या प्रसंगात एक विधवा बाई होती, दिरानं जमीन बळकावलेली. तेरावं वर्ष उजाडलेलं. सोनमनं बरोबर पर्यायावर खूण केली, 'दावा चालणार नाही'. कॉम्प्युटरनं हिरवा रंग दाखवला. एक मार्क.

आणि मग तिचा हात पुढं सरकेना.

तिनं कपाट उघडलं. छबूबाईची फाईल शोधून काढली. तीत नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला होता. तीन एकरांचा सातबारा होता, दिरानं छबूबाईचं नाव कमी केलेला. दाव्याचा मसुदा होता, टाइप केलेला. त्यावर कोर्टाचा शिक्का नव्हता. नंबर नव्हता. तो कागद ह्या कपाटातून कधी बाहेरच पडला नव्हता.

फाईलच्या खाली डायऱ्या होत्या. एकोणीसशे नव्व्याण्णवपासून दोन हजार अकरापर्यंत. प्रत्येक सोमवारी एकच ओळ. 'छबूबाई. पुढील सोमवार.'

अक्षर माझं होतं.

असं बघू नका माझ्याकडं. मी काय देव आहे? कारकून होतो. तो दीर कारखान्याच्या निवडणुकीत बापूसाहेबांच्या पॅनेलसाठी गावची मतं गोळा करायचा. बापूसाहेब मला म्हणाले होते, "गेणबा, तिला नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की ती दुसऱ्या वकिलाकडं जाईल. तिला सोमवार दे." मी दिला. बारा वर्षं दिला. ती पहाटेच्या यष्टीनं यायची, बाकड्यावर बसायची, संध्याकाळी जायची. दुपारी भाकरी सोडायला बाहेर जायची नाही. मी एकदा म्हटलं, जा की जरा चहा पिऊन या. तर म्हणाली, "मी गेले आन् माजं नाव घेतलं म्हंजे?"

एका सोमवारी मी ऑफिस बंद करायला आलो. म्हटलं, छबूबाई, उठा आता. ती उठली नाही.

एप्रिलात, परीक्षा चार दिवसांवर आली असताना, सोनम इथं आली. ह्याच गच्चीवर. हातात डायरी.

"आबा, हे तुमचं अक्षर हाय?"

मी कठड्याकडं वळलो.

"आबा, मी विचारतीय. हाय का न्हाय?"

"हाय."

"मी चार महिने त्या बाईला खोटं सांगतीय. तुमीच सुरू केलेलं. मला वाटलं, भूत हाय, एक वाक्य बोललं म्हणून काय बिघडतंय. आबा, तिचं ती जिवंत असतानाच बिघडवलं तुमी! बारा वर्सं! एकदा तरी म्हणायचं, बाई, दुसरा वकील बघ!"

"हळू बोल, खाली ऐकू जातंय."

"जाऊ दे ऐकू! आन् मी कायदा शिकायला निघालीय. ह्या असल्या माणसाच्या पुस्तकांवर."

मी म्हणालो, "हे बघ, सोनम. गुरुवारी पेपर आहे. तो होऊ दे. मग आपण बघू काय करायचं ते."

तिनं डायरी मिटली. मग हळू म्हणाली, "म्हंजे मलाबी पुढचा सोमवार का, आबा?"

आणि जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सतरा एप्रिल. दोन हजार तेवीस. सोमवार. अमावास्या तीन दिवसांवर. गल्लीत काळोख, ओसरीवरचा एक दिवा. पुढचं मला सोनमनं सांगितलं, आणि काकूंनीही, वेगवेगळं. दोघींचं जुळतं.

पावणेआठ.

"बाई, माजी तारीख पडली का?"

सोनम बोलली नाही.

आतून काकू म्हणाल्या, "सोनम. सांग की."

नाही बोलली.

"अगं, सांग! परीक्षा आहे ना तुझी?"

बाहेरून पुन्हा. जरा जवळून. "बाई..."

सोनम उठली. दारापाशी गेली. दार लोटलेलंच होतं. तिनं ते उघडलं नाही. दाराशी तोंड नेऊन बोलली. आवाज कापत होता, भीतीनं नव्हे.

"छबूबाई, तारीख पडली न्हाय. कधीच पडली न्हवती. तुमचा दावा लावलाच न्हाय. कागद हितंच कपाटात हाय. मुदत संपली. तुमी जित्या असतानाच संपली. तुमाला सगळ्यांनी खोटं सांगितलं. मीबी सांगितलं. माज्याकडनं चुकलं."



पंखा फिरत होता. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या. हातात उलथणं. 



मग बाहेर बाकडं वाजलं. कुणी उठलं. पण पायऱ्या वाजल्या नाहीत.

"कुनी केलं?"

तो आवाज वेगळा होता. इतकी वर्षं तो विनवणीचा होता. हा विनवणीचा नव्हता.

सोनम म्हणाली, "आत हायेत."

दार उघडलं. दिसलं कुणी नाही. अनवाणी पाय मात्र वाजले. भेगाळलेल्या टाचा फरशीला घासत जातात, तसे. सोनमच्या अंगावरून गेले. थांबले. पुढं गेले. काकू भिंतीला चिकटल्या. उलथणं पडलं. पाय आतल्या खोलीत गेले.

खोलीचं दार लागलं.

मग बापूसाहेबांचा आवाज आला. दोन वर्षं ज्यांना पाणी मागता येत नव्हतं, त्यांचा. स्वच्छ. कोर्टात उभं राहून बोलायचे तसा.

"छबूबाई, पुढच्या सोमवा..."

तुटला.

शांतता.

मग पुन्हा. हळू. "दावा मी लावला नाही."

शांतता.

"हो. मुद्दाम."

शांतता.

"हो. मला माहीत होतं."

ती काय विचारत होती, ते कुणाला ऐकू आलं नाही. फक्त त्यांची उत्तरं. एकेक. रात्रभर. बारा वर्षांचे सोमवार किती होतात, सई? तू कर हिशेब. मला करवत नाही. मध्ये काकूंनी दार ढकललं. ते हललं नाही. त्याला आतून कडीच नव्हती.

पहाटे आवाज थांबला.

सोनमनं मला फोन केला होता. मी पहिल्या यष्टीनं पोचलो. गल्लीत शिरलो आणि ओसरीकडं बघितलं.

बापूसाहेब बाकड्यावर बसले होते. जो माणूस कुशीवर वळू शकत नव्हता, तो. पाय जुळवून. हात मांडीवर.

मला बघून म्हणाले, "गेणबा, माझा पुकारा झाला का?"

माझ्या तोंडाशी आलं. एकतीस वर्षांची सवय. पुढच्या सोमवारी. ओठापर्यंत आलं. मी गिळलं.

म्हणालो, "न्हाय, साहेब. आन् व्हनारबी न्हाय."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना खरं सांगितलं. उशीर झाला. मला ठाऊक आहे. माझाच राग येतो मला, पोरांनो. भुताचा नाही येत.

चौघांनी उचलून त्यांना आत नेलं. पुढं ते तीन महिने जगले. बोलले नाहीत.

काकूंनी सोनमची बॅग गल्लीत ठेवली. "चालती हो," एवढंच म्हणाल्या. तीन दिवस ती इथं माझ्याकडं राहिली. त्या वरच्या खोलीत. कॉम्प्युटर नव्हता. जुन्या वहीतले प्रश्न वाचायची, मी उत्तरं तपासायचो. माझ्याशी बोलत नव्हती. फक्त 'बरोबर' का 'चूक' एवढं विचारायची.

गुरुवारी मी तिला पुण्याला नेलं. केंद्रावर बॅग बाहेर ठेवायला लावली. आत फक्त हॉल तिकीट आणि आधार कार्ड. दोन तास मी त्या बॅगेपाशी उभा होतो. चहालाही गेलो नाही. बॅगेला कुणी हात लावला नाही, हे मी कुठंही शपथेवर सांगेन.

ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. यष्टीत बसल्यावर तिनं बॅगेतून सरावाची वही काढून उघडली, उत्तरं ताडून बघायला.

आत एक कागद होता. वकालतनामा. माझा खटला तुम्ही चालवा, असं पक्षकार वकिलाला लिहून देतो, तो कागद. छापील, जुन्या पद्धतीचा. तसे आता कुठं मिळतही नाहीत. पक्षकाराच्या जागी छबूबाईचं नाव. वकिलाच्या नावाची जागा कोरी. खाली अंगठा उठवलेला. जांभळ्या शाईचा.

सोनमनं कागद मिटला. मला म्हणाली, "हात लावू नका."

तिचा नंबर लागला, ते तुम्हाला माहीत आहे. जमीन मुदतीबाहेर गेली, ती परत मिळायची नाही, हे तिला आता माझ्याहून चांगलं कळतं. तरी तो कागद तिनं टाकला नाही.

परवा दिवाळीत आली होती. आपणहून तो काढून माझ्यापुढं धरला. अडीच वर्षं झाली. म्हणाली, "आबा, लावा आता हात."

मी अंगठ्यावर बोट टेकवलं.

बोट जांभळं झालं.