देविकाने वाचलेली चिठ्ठी

डोळ्यांवर पट्टी बांधून चालताना कौमुदी ज्याच्यावर आदळली, त्याच्या हातात गरम कॉफीचा टंबलर होता. पुढे जे व्हायचं तेच झालं.

"आई गं!" ती ओरडली.

"अय्यो... लागलें काय हो तुम्हांस?"

मराठी! चेन्नईत, नुंगंबाक्कमच्या शाळेत, जूनच्या रणरणत्या उन्हात... आणि तेही असं जुन्या वळणाचं! कुणी सत्तरीचे आजोबा असणार, असं तिला पट्टीआड वाटलं. पट्टी खाली ओढली, तर समोर तिशीच्या आतला एक सडसडीत तरुण ओशाळं हसत उभा, पांढऱ्या शर्टावर कॉफीचा हा एवढा डाग. कौमुदी बघतच राहिली. डागाकडे बघत होते, असं ती नंतर सगळ्यांना सांगायची.

शाळेचा तो पहिला आठवडा होता. सहावीत ठिकठिकाणच्या शाळांतून मुलं यायची, बावरलेली, कुणाचीच ओळख नसलेली. त्यांना आधार वाटावा म्हणून पहिले पाच दिवस पुस्तक उघडायचंच नाही, असा तिथला शिरस्ता. गोलात बसून लोकरीचा गुंडा एकमेकांकडे टाकायचा आणि आपलं नाव सांगायचं. एकाने डोळे बांधायचे, दुसऱ्याने हात धरून न्यायचं. नवे शिक्षकही त्यातून सुटत नसत. विज्ञान शिकवायला नुकत्याच आलेल्या कौमुदीला दोन मुलींच्या हाती सोपवलं होतं, आणि त्या दोघी हसता हसता तिचा हात सोडून मोकळ्या झाल्या होत्या.

तो विजयेंद्र. गणिताचा शिक्षक. घराणं तंजावरचं, आजोबांच्या वेळी चेन्नईला आलेलं.

"तुमचं बोलणं ऐकलं की कुणीतरी बखर वाचतंय असं वाटतं," कौमुदी त्याला चिडवायची.

"आणि तुमचें ऐकलें कीं रेडिओवर बातम्या लागल्या असें वाटतें."

"म्हणजे ऐकता तरी!"

"बातम्या? रोज... न चुकतां."

एवढं बोलून तो कानापर्यंत लाल व्हायचा आणि फळा पुसायला लागायचा. फळा आधीच कोरा असायचा, ते सोडा.

एकदा त्याच्या आईने डब्यात उडदाच्या पिठाचं डांगर दिलं. कौमुदीने ते घरी नेलं, तर तिच्या आईने, अलकनंदाबाईंनी, बोटाने चाटून पाहिलं आणि म्हणाल्या, "कोण गं हे लोक? डांगर तर अगदी आपलंच आहे!" त्यावर कौमुदी उगाचच लाजली. काय सुंदर दिवस होते ते! जून आला की दोघांनी मिळून नव्या मुलांचा आठवडा मांडायचा, लोकरीचे गुंडे सोडवत बसायचं, गुंता जरा जास्तच सावकाश काढायचा... प्रेमाचा एक शब्द कुणी उच्चारला नाही. तो बोलेल म्हणून ती थांबली, आणि तो आज नको, उद्या बोलू म्हणत राहिला. अशी तीन वर्षं गेली.

चौथ्या जूनमध्ये कौमुदीचे बाबा, रत्नाकरराव, बँकेतून निवृत्त झाले. क्वार्टर सोडायचं, पुण्याला परत जायचं, हे ठरलं. तिथल्या एका शाळेने कौमुदीला जागा देऊ केली होती आणि शनिवारपर्यंत उत्तर मागितलं होतं.

हे तिने विजयेंद्रला सांगितलं तेही खेळातच. जोडी करून बसायचं, एकाने दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने नुसतं ऐकायचं, मधे चकार शब्द काढायचा नाही, असा तो खेळ. मुलांना दाखवायला हे दोघे बसले.

"आम्ही पुण्याला जातोय," कौमुदी म्हणाली. "कायमचे. मी अजून होकार कळवलेला नाही..."

आणि ती थांबली. अजून दीड मिनिट शिल्लक होतं. त्याने एकदा 'राहा' म्हणावं, बस्स, एवढंच तिला हवं होतं. पण नियम म्हणजे नियम! गणिताचा मास्तर तो, डोळे भरून तिच्याकडे पाहत राहिला आणि शेवटी म्हणाला, "वेळ संपली."

त्या दिवशी कौमुदी घरी जाऊन मनसोक्त रडली.

शुक्रवारी शेवटचा खेळ चिठ्ठ्यांचा. प्रत्येकाने, शिक्षकानेसुद्धा, आपल्याला कशाची भीती वाटते ते बिननावाने लिहून स्टीलच्या डब्यात टाकायचं. ज्याला जी चिठ्ठी येईल ती त्याने मोठ्याने वाचायची. मग सगळ्यांनी "केट्टोम!" म्हणजे "ऐकलं!" म्हणायचं, आणि ज्याला मदत करता येईल त्याने हात वर करायचा.

कौमुदी तेव्हा ऑफिसात नोकरी सोडण्याचा अर्ज द्यायला गेली होती. कारकून जागेवर नव्हता, म्हणून ती अर्ज तसाच हातात घेऊन परतली आणि वर्गाच्या दारात उभी राहिली. देविका नावाची एक चुणचुणीत मुलगी चिठ्ठी उलगडून अडखळत वाचत होती.

"ती गेली तर... मी माझें बोलणें... कोणाशीं बोलूं? तीन वर्षें... सांगायचा धीर होत नाहीं. मला तीच हवी." देविकाने मान वर केली. "सार, अक्षरं तमिळ आहेत, पण हे तमिळ नाही!"

विजयेंद्रच्या घरात देवनागरी कुणाला येत नव्हती. घरची मराठी ते तमिळ अक्षरांतच लिहीत. कौमुदी ऑफिसात आहे, मुलांना अर्थ लागणार नाही, मग भीती खरी लिहायला काय हरकत, असा त्याने हिशेब केला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा हिशेब चुकला.

"केट्टोम!" पोरं एका सुरात ओरडली. कळलं कुणालाच नव्हतं. हातही वर होईना.

विजयेंद्रने जमिनीवरची नजर उचलली आणि त्याला दारात कौमुदी दिसली. तिचा हात वर होता.

"मिस, तुम्हाला कळलं?" देविकाने विचारलं.

"कळलं."

"मग काय मदत करणार?"

"मी जात नाही. इथेच राहणार," कौमुदी तमिळमध्ये म्हणाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. मग ती मराठीत विजयेंद्रला म्हणाली, "पुण्याला नाही म्हणून कळवते. पण बाबांना सांगायला तुम्ही यायचं. चिठ्ठी चालणार नाही... तोंडाने सांगायचं."

तीसजणांच्या वर्गात, उघड्यावर, आणि तरी फक्त दोघांनाच कळेल असं ते बोलणं!

"येतों," विजयेंद्र म्हणाला. "आतांच येऊं?"

"शाळा सुटल्यावर," कौमुदी म्हणाली, आणि गोलात त्याच्या शेजारी जाऊन बसली.