पंपाचं बटण

"हवा चालू केलीस का रे?"

दादा बाहेरच्या खोलीतून विचारायचा. रोज, एकाच सुरात, झोपलेल्या बाळाचं पांघरूण चाचपावं तसं. मी आतून "हो" म्हणायचो. समुद्री एंजलफिशची अंडी वेचताना हवेचा पंप बंद करतात. पाणी स्थिर झालं की मोहरीहून बारीक अंडी वर जमतात. वेचून झाली की पंप लगेच चालू. सगळ्या टाक्यांना हवा त्या एकाच पंपाची.

दादा जाऊन सहा वर्षं झाली. या खोलीत संध्याकाळ अजूनही सकाळी अकराला होते. दिवे हळूहळू मंदावतात, बोटभर लांबीची जोडी अंगाला अंग घासत वर चढते, अंडी सोडते. दादाने बसवलेली घडी मी मोडलेली नाही. मोडलं ते वहिनीने. चाळीस दिवस जगवलेली सत्तर पिल्लं, अंगावर नुकती निळाई चढलेली; आणि फरशी पुसताना हिच्या हाताने पंपाचं बटण बंद झालं. सगळी तळाशी गेली. "मी बटणाला हात लावला नाही," एवढंच ती म्हणत राहिली. दादा मरेपर्यंत तिच्याशी बोलला नाही. बरं केलं. मीही तिला हा उंबरा ओलांडू देत नाही.

आज टबातल्या नव्या पिल्लांचा दुसरा दिवस. या वयात डोळे नसतात, तोंड नसतं. नुसत्या काचेच्या टाचण्या, डोकं खाली करून लटकलेल्या. पण सकाळी पाहिलं तर दोनशेच्या दोनशे आडव्या होत्या, डोकी एका दिशेला. बटणाकडे.

पाण्याची ओढ असेल म्हणून टब फिरवला. पिल्लं परत तिकडेच वळली. उजेड असेल म्हणून काळं कापड टाकलं. काढलं, तरी तिकडेच.

अकराला पंप बंद करून अंडी वेचली. वाटी खाली ठेवतो तोच दार ढकलून वहिनी आत आली. माझ्या कानशिलांत जाळ उठला.

"उरलेलीही मारायला आलात?"

ती टबाकडे बघत राहिली. पिल्लं वळू लागली होती. बघा, मी मनात म्हटलं, बिनडोळ्यांची आहेत तरी तुम्हाला ओळखतात.

मी दोन पावलं बाजूला झालो.

डोकीही सरकली.

ती डोकी माझ्याकडे होती.

"हवा चालू केलीत का, भाऊजी?" वहिनीने विचारलं. सूर दादाचा होता.

सवयीचं "हो" ओठांपर्यंत आलं. खोलीत एक बुडबुडा वाजत नव्हता. मी धावत जाऊन बटण दाबलं. पंप घुरघुरला. पाणी हललं नाही.

टाचण्या एकेक करून खाली उतरू लागल्या, माझ्यावरून डोकं न हलवता.

"नव्हती केली," मी म्हणालो. "त्या दिवशीही मीच विसरलो होतो, वहिनी. दादाला मी नुसतंच 'हो' म्हणालो."