पाळण्यात कुणीच नाही

"माझ्या इथं घंटा वाजते आणि मूल सापडत नाही," असं म्हणून बाई खुर्चीत बसल्या.

सोलापुरातल्या सात रस्त्यावरच्या त्या माडीवरच्या ऑफिसात बहुतेक लोक लग्नाआधीची चौकशी करून घ्यायला येत. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठं जमलं होतं का, असले प्रश्न. खासगी गुप्तहेर बुद्धप्रिया सरवदे हिला त्यांचा मनापासून कंटाळा होता, पण ऑफिसचं भाडं त्यातूनच सुटत होतं. तिचा सहायक दिग्विजय मात्र खूश असायचा. लग्नघरी चौकशीला जायचं म्हणजे चिवडा-लाडू आलेच.

बाईंचं नाव वैजयंती. कुंभारी रस्त्यावरच्या एका शिशुगृहाच्या त्या अधीक्षिका. ज्यांना कुणी नाही अशी तान्ही बाळं तिथं वाढत होती. फाटकाशेजारच्या छोट्या खोलीत संस्थेनं एक पाळणा ठेवला होता. मूल सांभाळणं ज्यांना शक्य नाही त्यांनी ते पाळण्यात ठेवून निघून जावं, कुणी नावगाव विचारणार नाही.

"गादीवर वजन पडलं की आत घंटा वाजते," वैजयंतीबाई म्हणाल्या. "पण लगेच नाही. ठेवणाऱ्याला जाता यावं म्हणून थोडी थांबून वाजते. गेला महिनाभर घंटा वाजते, आम्ही धावतो, आणि पाळणा रिकामा."

"मांजर असेल," दिग्विजय म्हणाला.

"मांजर आम्ही पण शोधलं. तान्ह्या बाळाएवढा भार पडल्याशिवाय ती वाजत नाही." बाईंचा आवाज खाली आला. "मागच्या थंडीत जुनी घंटा बिघडली होती. सकाळी पाळण्यात मुलगा सापडला. गार पडलेला. आमच्या बाया म्हणतात, तोच येतोय. खरं सांगू? तो आला तरी मला चालेल. निदान या खेपेला मी वेळेवर पोचेन."

बुद्धप्रियानं हातातलं पेन खाली ठेवलं.

"पण सरकार भूत मानत नाही," बाई पुढं म्हणाल्या. "जिल्ह्याच्या बालसंरक्षण कार्यालयाचे घोडके साहेब म्हणतात, घंटा वाजली म्हणजे मूल आलं, आणि ते सापडत नाही म्हणजे इथलं कुणीतरी ते विकतंय. आज संध्याकाळपर्यंत खुलासा झाला नाही, तर उद्या सगळी बाळं पुण्याला हलवणार. आणि आमच्या छकुलीला तो प्रवास झेपायचा नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय."

छकुली दोन महिन्यांची. त्याच पाळण्यात सापडलेली. बाटलीचं दूध तोंडात घ्यायची आणि सोडून द्यायची. अंगावर मांस असं नव्हतंच.

बुद्धप्रिया उठली. "दिग्विजय, गाडी काढ."

*

दुपारच्या उन्हात शिशुगृहाचं आवार नुसतं भाजून निघत होतं. पाळण्याच्या खोलीला दोन दारं होती. एक रस्त्याकडचं, सदा उघडं. दुसरं आतल्या अंगणाकडचं, कडी लावलेलं. त्या दाराबाहेरच नळ होता आणि वर पाटी: "बाळांना हात लावण्यापूर्वी हात धुवा."

खोलीत शिरल्यावर दिग्विजय आपोआप हळू बोलायला लागला. पाळण्यातली चादर इस्त्री केल्यासारखी सपाट होती. मधोमध एक लोकरीचं टोपडं ठेवलेलं. एवढ्या उन्हाळ्यात.

"सावित्रम्मा ठेवते," वैजयंतीबाई म्हणाल्या. "काढलं तर पुन्हा ठेवते. मी सांगायचं सोडून दिलं."

फाटकावर महादेवप्पा बसला होता. अक्कलकोटकडचा म्हातारा रखवालदार. बोलताना त्याचं एक बोट गळ्यातल्या इष्टलिंगावर होतं.

"मी हितंच बसतोय की, बाई. घंटा वाजली तवा रस्त्यावर कुत्रं बी नव्हतं."

"तुम्ही डोळा लावला असेल," दिग्विजय म्हणाला.

"न्हाय वो! सायबांच्या डायवरसंगं बोलत हुतो. त्येनं तमाखू मागितली."

"आणि त्याच्या आधी वाजली तेव्हा?" बुद्धप्रियानं विचारलं.

"तवा बी त्योच हुता. दर बारीला माझीच तमाखू खातोय त्यो."

दिग्विजयनं बुद्धप्रियाकडं अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं. त्याच्या मते ड्रायव्हर सापडला होता. बुद्धप्रियानं त्याच्या आनंदावर लगेच पाणी ओतलं. "दोघं एकमेकांसमोर होते, बाबा. मग गादी कुणी दाबली?"

बाळांच्या खोलीत सावित्रम्मा छकुलीला मांडीवर घेऊन बसली होती. सावित्रम्मा विणकरांच्या घरची. नवरा गेल्यापासून इथंच आया म्हणून राहत होती. छकुली रडत होती, पण त्या रडण्यात जोर नव्हता. दुधानं भरलेली बाटली शेजारी तशीच होती.

"भूतच हाय ते, बाई," ती म्हणाली. "घंटा वाजती त्या दिशी ही पोर बाटलीला तोंडच लावत न्हाय. गपगार झोपती. रोज रडून रडून झोपती, त्या दिशी रडत बी न्हाय. त्यो हिचा जीव वढतोय की."

"घंटा वाजली की तुम्ही काय करता?"

"समद्या पळतो. बाई, मी, सैपाकीण, समद्या. कोण थांबंल? मागल्या थंडीत काय झालं ते बगितलंय आमी." तिनं पदर तोंडाला लावला. "त्याला थंडी वाजत आसंल म्हून टोपडं ठेवते. लोक हसू देत."

कुणीच हसलं नाही.

इतक्यात बाहेर जीप थांबली. घोडके साहेब उतरले. उंच, कडक, शर्टाला एक सुरकुती नाही. मागोमाग त्यांची सहायक रेश्मा, पंचविशीची, फाईल छातीशी धरलेली, कानाभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली. सोलापूरच्या उन्हात निम्म्या बायका अशाच दिसतात.

"गुप्तहेर?" घोडके साहेबांनी बुद्धप्रियाकडं पाहिलं. "हे काम सरकारचं आहे. घंटा माझ्या कानांनी ऐकलीय मी. प्रत्येक वेळी इथंच होतो."

"प्रत्येक वेळी?"

"आठवड्याची तपासणी असते. मला फसवायला कुणी माझ्यासमोर हा खेळ करत असेल, तर चुकीच्या माणसाशी गाठ आहे."

अधीक्षिकांच्या खोलीत कूलर लावला होता. दिग्विजय थेट त्याच्यासमोर जाऊन बसला. रेश्मानं आपली खुर्ची उचलून कोपऱ्यात नेली. ओढणी तिनं सोडली नाही. वैजयंतीबाईंनी माठातलं पाणी पुढं केलं, तर ती ओशाळून म्हणाली, "कोमट मिळालं तर बरं होईल."

"नुकतीच काविळीतून उठलीय," घोडके साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी होती, ती त्यांना लपवता आली नाही. "दोन महिने मोडनिंबला घरी होती. मागच्या महिन्यात हजर झाली. कामाला चोख. इथं तो मुलगा गेला, तेव्हा सगळ्यांचे जबाब हिनंच घेतले. लिहिताना रडत होती."

"जेवलीस का गं?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"डबा आहे." तिनं तो उघडला आणि दिग्विजयची नजर पाहून एक लाडू त्याच्यापुढं केला. "घ्या ना. आईनं दिलेत."

"डिंकाचा!" दिग्विजय पहिल्याच घासाला विरघळला. "तूप किती सोडलंय आईनं! लई भारी."

पलीकडच्या खोलीत छकुलीचं रडणं पुन्हा सुरू झालं. रेश्मा झटकन उठली. फाईल छातीशी घट्ट धरून म्हणाली, "सर, मी बाळांची पाहणी उरकते. हात धुऊन येते."

घोडके साहेब पुण्याच्या गाडीविषयी सांगत होते. गाडी सकाळी येणार. छकुलीसोबत नर्स देता येईल, पण त्याहून जास्त काही करता येणार नाही. वैजयंतीबाई ऐकत होत्या आणि त्यांचे डोळे भरत होते.

आणि घंटा वाजली.

वैजयंतीबाई खुर्ची पाडून धावल्या. बाळांच्या खोलीतून सावित्रम्मा बाहेर आली आणि दारात अडखळली. आतून रेश्माचा आवाज आला, "तुम्ही जा मावशी, मी थांबते बाळांपाशी!"

पाळणा रिकामा होता. टोपडं जमिनीवर पडलं होतं. सावित्रम्मानं ते उचलून उराशी धरलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. फाटकावर महादेवप्पा आणि ड्रायव्हर दोघंही पांढरेफटक पडले होते. घोडके साहेब मोकळ्या रस्त्यावर इकडून तिकडं पाहत "कोण आहे? कोण आहे?" म्हणून ओरडत होते.

बुद्धप्रियानं रस्त्याकडं पाहिलंच नाही. ती आतल्या दाराशी गेली. कडी निघालेली होती. तिनं कडीवरून बोट फिरवलं आणि ते आपल्या ओढणीला पुसलं.

सगळे परतले तेव्हा छकुली झोपली होती. सावित्रम्मानं बाटली तिच्या ओठांना लावली. पोरीनं झोपेतच तोंड फिरवलं.

"बगा," सावित्रम्मा म्हणाली. "बगा आता तुमीच."

*

बुद्धप्रियानं सगळ्यांना अधीक्षिकांच्या खोलीत बसवलं. निजलेल्या छकुलीला घेऊन सावित्रम्माही आली. दार लावून घेतलं.

"इथं भूत नाही," बुद्धप्रिया म्हणाली. "आणि बाळं विकणारंही कुणी नाही. कारण ज्या बाळांना आपण शोधतोय, ती बाळं आलीच नव्हती."

"मग घंटा?" घोडके साहेब म्हणाले.

"घंटा खरी. पाळणा रस्त्यासाठी आहे, म्हणून ती वाजली की सगळे रस्त्याकडं पाहतात. महादेवप्पा खरं सांगत होते, रस्त्यावर कुणीच नव्हतं. गादी आतल्या बाजूनं दाबली गेली. आज आतल्या दाराची कडी ओली होती. कुणीतरी नळावर हात धुऊन ती उघडली होती."

"आतली माणसं तर आमच्यासमोर नाहीतर बाळांच्या खोलीत होती की," दिग्विजय म्हणाला.

"घंटा वाजली तेव्हा होती. पण घंटा उशिरा वाजते, हे बाईंनी आपल्याला सकाळीच सांगितलं होतं. गादी दाबायची, बाहेर पडायचं, आणि ती वाजायच्या आत दुसरीकडं पोचायचं. सोपं आहे."

"कशासाठी?" वैजयंतीबाईंचा आवाज चिरकला. "आम्हाला घाबरवून कुणाला काय मिळतं?"

"घाबरवायचं नव्हतं, बाई. तुम्हाला बाहेर काढायचं होतं. मागच्या थंडीनंतर इथं घंटा वाजली की एकही बाई बाळांजवळ थांबत नाही. हे ज्याला माहीत, त्याला ती खोली थोडा वेळ रिकामी मिळते. आता सावित्रम्मा काय म्हणाल्या ते आठवा. घंटेच्या दिवशी छकुली बाटली घेत नाही आणि शांत झोपते. भूत जीव ओढतं तेव्हा बाळ असं झोपत नाही. पोट भरलं की झोपतं."

सावित्रम्माचा हात पोरीच्या पाठीवर थांबला.

"तिला कुणीतरी अंगावर पाजतंय," बुद्धप्रिया म्हणाली. "म्हणजे तिची आई येते. आणि ती येते सरकारी जीपच्या दिवशीच. एरवी कधी घंटा वाजली नाही."

घोडके साहेबांची मान हळूहळू वळत होती, ती बुद्धप्रियानं हात वर करून थांबवली.

"थांबा, साहेब. दिग्विजय, मघाशी तू काय खाल्लंस?"

"डिंकाचा लाडू."

"या उन्हात डिंक कोण खातं? आणि काविळीतून उठलेल्या माणसाला तेल-तूप वर्ज्य. त्याला तुपानं थबथबलेला लाडू कुठली आई देईल? तो लाडू बाळंतिणीचा. कानाला वारा लागू न देणं, गार पाणी न पिणं, हेही बाळंतिणीचंच. मला एकच कळत नव्हतं. पाळण्यात मूल ठेवून गेलेली बाई आपलं दूध आटवते. ही दोन महिने पथ्य सांभाळून ते टिकवतेय. कशासाठी? तर तिनं मूल सोडलेलंच नाही. न्यायची वाट पाहतेय, फक्त बोलायचा धीर होत नाही."

ती खुर्चीत मागं टेकली.

"नाव मी घेणार नाही. बालकल्याण समितीनं छकुलीला दत्तक द्यायला मोकळं ठरवेपर्यंत तिची आई पुढं येऊ शकते. तो हक्क आईचा, आणि बोलायचंही तिनंच."

मग फाईल खाली पडली.

"माझी आहे ती," रेश्मा म्हणाली. "लग्न ठरलं होतं. दिवस गेल्यावर त्यानं ठरलेलं मोडलं. गावोगावी जाऊन मी पोरींना सांगते, घाबरू नका, सरकार तुमच्या पाठीशी आहे. त्यांचे कागद मी साहेबांच्या ज्या टेबलावर ठेवते, त्याच टेबलापुढं मी कशी उभी राहू? वाटलं, इथं ठेवली तर निदान डोळ्यांसमोर राहील. मग ती बाटली घेईना. बाई, तुमच्या मनातली भीती मी वापरली. मला माहीत होतं ती किती खोल आहे. मला माफ करा."

वैजयंतीबाई उठल्या. त्या रागावतील असं दिग्विजयला वाटलं. त्यांनी सावित्रम्माकडून पोर घेतली आणि रेश्माच्या मांडीवर ठेवली.

"चोरून पाजायची नाही इथून पुढं," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या.

घोडके साहेबांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग कार्यालयीन आवाजात म्हणाले, "निर्णय समितीचा आहे. तुमचा दावा मी आजच नोंदवतो. पुण्याची गाडी रद्द." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आणि रेश्मा, उद्यापासून ऑफिसला यायचं नाही."

रेश्माचा चेहरा उतरला. सावित्रम्मा काहीतरी बोलायला पुढं सरसावली, पण साहेबांनी तिला बोलू दिलं नाही.

"काविळीचा अर्ज खोटा होता, तो मागं घ्या आणि बाळंतपणाच्या रजेचा द्या. पाठवायचं काम माझं. उशीर का झाला ते वरच्यांना मी सांगेन."

रेश्मा तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं रडली. छकुली मात्र जागी झाली नाही.