रिकाम्या मांडीची बाई

दिवा राहू द्या तसाच, मला चालतो. त्या संध्याकाळी वीज गेली तेव्हा मी कोरड्या चादरी आणायला कोठीत गेले होते. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. आमच्या धर्मादाय दवाखान्यात वीज टिकली तर नवल, गेली तर नाही. पण बाळांना ऊब देणारी आमची एकुलती एक पेटीही बंद पडली होती, आणि तिच्यात एक मुलगी होती.

मुलगी कसली, मूठभर जीव. अपुऱ्या दिवसांची, धाप लागलेली. रक्तस्राव थांबेना म्हणून तिच्या आईला दुपारीच मोठ्या इस्पितळात हलवलं होतं. बापही सोबत गेला. जाताना आईने माझा हात धरला. "सिस्टर, मी येईपर्यंत हिला गार पडू देऊ नका." मी हो म्हणाले. असा शब्द देऊ नये हे मला कळतं, पण त्या बाईच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना.

पेटी बंद पडली की आमच्याकडे एकच उपाय. बाळाला बाईच्या उघड्या छातीशी लावायचं, वरून लांब कापड गुंडाळायचं आणि पाठीवर घट्ट गाठ मारायची. अंगाची ऊब अंगाला मिळते. आई नसेल तर आजी, आत्या, शेजारच्या खाटेवरची बाई, कुणीही चालते. जिची मांडी रिकामी दिसेल तिच्याकडे बाळ सोपवायचं, असा आमचा शिरस्ता. तू कोण, कुणाची, हे विचारत बसलं तर तोवर बाळ हातचं जायचं.

वॉर्डात आले तर कंदिलाच्या उजेडात सगळ्या बायकांच्या छातीशी आधीच एकेक बाळ होतं. आमच्या आयाबाई, त्यांना सगळे मावशी म्हणतात, त्यांनी तर जुळी बांधून घेतली होती. इंजेक्शनं द्यायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी मुलीला पेटीतून उचललं. तळपाय गार लागले.

तेवढ्यात टोकाच्या बाकावर एक बाई दिसली. मांडी रिकामी. तिच्या अंगाला ओल्या मातीचा वास येत होता. लांबून चालत आली असेल, असं मला वाटलं.

"बाई, हिला घेता का? हिची आई येईपर्यंत."

"द्या," ती अगदी हळू म्हणाली. "कधीची बसलेय..."

गाठ मारताना माझी बोटं तिच्या पाठीला लागली. पाठ थंडगार होती. थंडीचेच दिवस होते, असं मी मनाला समजावलं आणि कामाला लागले.

हात कामात होते, पण कान तिकडेच होते. ती काहीतरी गुणगुणत होती. अंगाईच असावी, पण तिचा सूर सारखा खाली खाली जात होता. मग तो थांबला. आणि मुलीची धापही ऐकू येईनाशी झाली.

"मावशी... कंदील घेऊन या जरा."

मावशी आल्या आणि जागीच थबकल्या. "सिस्टर, हिला अशी एकटी का ठेवलीत?"

बाकावर कुणीच नव्हतं. नुसतं बाळ. त्याच्याभोवती कापडाचा वेढा, आणि पलीकडच्या बाजूला माझी गाठ, मी मारली होती तशीच घट्ट. ती सोडल्याशिवाय त्या कापडातून कुणालाही निघता आलं नसतं.

"इथे बाई होती ना, मावशी..."

"कुठली बाई? आपल्या सगळ्या खाटांवर आहेत की."

मी भीत भीत मुलीला हात लावला. ती गरम होती. श्वास संथ चालला होता, धाप नावालाही नव्हती. मला रडू फुटलं. भीतीने की आनंदाने, ते आजही सांगता येत नाही.

आई वाचली. परत आली तेव्हा मी लेक तिच्या ओटीत घातली आणि वाटलं, सुटले बाई एकदाची.

पुढे ती मुलीला तपासणीला घेऊन आली. पोर चांगली बाळसेदार झाली होती. डॉक्टर खूश. "आईचं दूध असंच चालू ठेवा," म्हणाले आणि पुढच्या बाळाकडे वळले. ते लांब गेल्यावर ती बिचारी हळूच माझ्याजवळ सरकली.

"सिस्टर, माझं दूध तर आजारपणातच आटलं," ती म्हणाली. "बाटली ही तोंडात धरत नाही."

"मग ही पिते काय?"

तिने मुलीला माझ्या आणखी जवळ आणलं, आवाज अजून खाली घेतला. "पहाटे हिच्या ओठांना दूध लागलेलं असतं... पहिल्या पहिल्यांदा मी हिला ओढून माझ्याकडे घ्यायची. तर लगेच गार पडायची."

"आणि आता?"

"आता हिला भिंतीकडे निजवते आणि मी कडेला निजते. मध्ये एका माणसाची जागा सोडते." तिने लेकीचं टोपडं सारखं केलं. "दुसरं काय करू, सिस्टर? जगायला तर हवी..."