रणगाड्याचा डावा पट्टा

"हा माझ्यावर पडला," असं म्हणून त्यानं एक मोठा खोका माझ्या टेबलावर ठेवला. "म्हणजे खरं तर मीच याच्यासकट स्टुलावरून पडलो. पण घरी आत्याला सांगताना याचंच नाव पुढे केलं."

खोक्यावर चिखलातून येणाऱ्या रणगाड्याचं चित्र होतं. मी आधी त्या चित्राकडे पाहिलं, मग प्लास्टर नुकतंच काढलेल्या त्याच्या उजव्या अंगठ्याकडे आणि मग... त्याच्याकडे. नाकावर हिरव्या रंगाचा ठिपका घेऊन माणूस इतका गंभीर चेहरा करू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"डाव्या हातानं रंगवत होतात ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

मी आरसा दाखवला. तो कानापर्यंत लाल झाला. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

मी फिजिओथेरपिस्ट, तीही फक्त हातांची. बोटं वाकत नाहीत म्हणून लोक माझ्याकडे येतात आणि वाकायला लागली की येईनासे होतात. त्यात मला कधी वाईट वाटलं नव्हतं. हा कारखान्यात क्रेन चालवायचा. अंगठा धड झाल्याशिवाय क्रेनच्या दांड्याला हात लावायची सोय नव्हती, आणि तो धड झाला असं कागदावर लिहून सही करायचं काम माझं होतं.

पहिले दोन दिवस मी त्याला मऊ लगदा दाबायला दिला. सगळ्यांना देते. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "मॅडम, हे दाबून काय होतं?"

"अंगठा बरा होतो."

"आणि लगद्याचं काय होतं?"

"लगद्याचं काय व्हायचंय? लगदाच राहतो."

"तेच तर," तो इतक्या दुःखानं म्हणाला की मला हसू आवरेना. "काहीतरी बनलं तर हात चालतो हो. नुसतं दाबायचं म्हणजे..."

"बरं. उद्या तो खोका आणा."

खोक्यात टी-५५ होता. सोव्हिएत रणगाडा, खऱ्यापेक्षा पस्तीस पट लहान, आणि तोही शेकडो तुकड्यांत. ज्या पट्ट्यांवर रणगाडा चालतो त्यांची एकेक कडी सुटी होती. एका बाजूला नव्वद, दुसऱ्या बाजूला नव्वद. करंगळीच्या नखाएवढी कडी अंगठा आणि पहिल्या बोटात धरायची, शेजारच्या कडीत टक् करून बसवायची. गोंद नको, काही नको. अंगठ्याला याहून चांगला व्यायाम मलाही सुचला नसता. एका खेपेला दहा कड्या, आठवड्यात तीन खेपा. दोन्ही पट्टे सहा आठवड्यांत पुरे, आणि अंगठाही. गणित अगदी चोख होतं.

मी समोर बसायची. कडी निसटली की मी शोधायची. त्यामुळे आम्ही दोघंही बराच वेळ टेबलाखाली असायचो.

"घरी अजून काय काय आहे?" एकदा मी विचारलं.

"दोन ट्रक, एक हेलिकॉप्टर. एक मिग-२१ आहे, पण ते शेपटीवर बसतं."

"म्हणजे?"

"नाकात वजन घालून मग दोन्ही बाजू चिकटवायच्या असतात. मी आधी चिकटवलं. नाक हलकं राहिलं, आता ते सतत आकाशाकडे बघत असतं."

"इतके काटेकोर तुम्ही, आणि विसरलात कसे?"

"तेव्हा तुमची ओळख नव्हती," तो कडीवरची नजर न काढता म्हणाला, "नाहीतर तुमच्यावर ढकललं असतं."

मी लगेच फायलीत काहीतरी लिहायला घेतलं. काय लिहिलं ते नंतर मलाच वाचता आलं नाही.

रणगाड्याच्या मागे एक ओंडका बांधलेला असतो, हेही मला त्याच्याकडूनच कळलं. चिखलात रुतला की तो पट्ट्यांखाली टाकायचा आणि बाहेर यायचं. किटमधला प्लास्टिकचा ओंडका त्याला पसंत नव्हता, खऱ्या लाकडाचा हवा होता. मग जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं दवाखान्यामागच्या झाडाखाली काटक्या शोधू लागलो. "ही जाड आहे." "ही वाकडी आहे." "अहो, मी लग्नासाठी मुलगा बघतेय का?" मी वैतागून म्हटलं. मिळालेली काटकी घेऊन आम्ही घाईघाईनं आत आलो.

"हल्ली तुझ्या बोलण्यात रणगाडा फार येतो गं," घरी आई म्हणाली. मी भांडी जरा जोरातच आपटली.

उजवा पट्टा ठरल्याप्रमाणे तीन आठवड्यांत झाला. घोडं अडलं ते डाव्या पट्ट्याशी. पाचव्या आठवड्यात बुधवारी आम्ही पन्नासाव्या कडीवर थांबलो. शुक्रवारी त्यानं डबी उघडली तेव्हा पट्टा चाळीसचाच होता. मी दोनदा मोजलं.

"घरी नेताना सुटल्या असतील," तो म्हणाला. पुन्हा कान लाल.

त्या कड्या आपोआप सुटत नाहीत. मी इतक्या बसवून पाहिल्या होत्या, मला नाही कळणार? घरी बसून हा माणूस आपल्याच हातानं पट्टा सोडवत होता. रागवायला हवं होतं. पण मला इतकं बरं वाटलं की सोमवारी तो पाणी प्यायला उठला तेव्हा मी सुट्या कड्यांतल्या सहा उचलल्या आणि माझ्या ड्रॉवरमध्ये टाकल्या. कबूल करते. चोरीच ती.

मग काय, तो सोडवायचा, मी त्या सहा दडवून बसायची, आणि मधल्या वेळात आम्ही दोघं मन लावून पट्टा जोडायचो. पकड मोजायच्या यंत्रावर त्याचा आकडा कधी वर जायचा, कधी खाली यायचा. मनापासून न दाबणारा हात मला लगेच ओळखू येतो. मी तरीही लिहायची, "अजून एक आठवडा."

आठव्या आठवड्यात आमच्या विभागाच्या मोठ्या बाईंनी फाइल मागवली. चष्मा डोक्यावर चढवून त्यांनी ती वाचली.

"अंगठाच आहे ना? की अख्खा हात नव्यानं उगवतोय?"

मी मान खाली घातली.

"हे बघ," त्या म्हणाल्या. आवाज कडक होता, पण डोळे तसे नव्हते. "त्याची क्रेन दुसरा कोणी किती दिवस चालवणार? उद्या ती त्याच्या हातातून गेली तर? आणि तू काय करून बसली आहेस, कळतंय का? पेशंटला आपण काही बोलू शकत नाही. बऱ्या झालेल्या माणसाला बोलू शकतो. ही फाइल उघडी आहे तोवर तुझं तोंड बंद आहे, बाई."

मी आठ आठवडे ज्या कागदाला धरून बसले होते, तोच आमच्या मध्ये होता. इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो आला तशी मी त्याला यंत्र दिलं. "आज खरं दाबा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि दाबलं. दोन्ही हात सारखे. मी सही केली, कागद त्याच्या पुढे सरकवला. "सोमवारपासून कामावर जा."

"म्हणजे आता... यायचं नाही?"

"नाही. तुम्ही बरे झालात."

पुढचं वाक्य मी रात्रभर घोकलं होतं. नेमकं तेच सोडून मी फाइल मिटली. त्यानं कागदाची घडी केली, डबी खोक्यात ठेवली, "आभारी आहे, मॅडम," म्हणाला आणि निघून गेला. दार हळूच लोटून घेतलं. आपटलं असतं तर मला कमी लागलं असतं.

मी ड्रॉवर उघडला, हाताला लागलं ते उचललं आणि तशीच पांढऱ्या कोटात रस्त्यावर पळाले. तो बसथांब्यावर उभा होता, खोका बगलेत. मला धापा टाकताना बघून घाबरला.

मी मूठ उघडली.

त्यानं वाकून माझ्या तळहाताकडे पाहिलं. "या... माझ्या कड्या?"

"हो."

"मी कंपनीला पत्र लिहिलं. सहा कड्या कमी आहेत म्हणून."

"मग?"

"त्यांनी माफी मागितली."

मला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही. थांब्यावरच्या एक काकू सरळ आमच्याकडे वळून उभ्या राहिल्या.

"मी चोरल्या," मी म्हटलं. "तुम्ही घरी सोडवत होतात ते मला ठाऊक होतं. मला तुम्ही आवडता. पेशंट होतात म्हणून बोलता येत नव्हतं, आता येतं. तुम्हाला तसं काही नसेल तर सांगा, मी परत जाते. पण अंगठा बरा झाला म्हणून तुम्ही येईनासे झालात तर मला..."

"मॅडम," तो म्हणाला, "जरा थांबा." खोका त्यानं बाकावर ठेवला. "मला घरी बसून एवढंच वाटायचं, की हा पट्टा पुरा झाला तर मी काय करू? क्रेन गेली असती तरी चाललं असतं. तुम्ही... तुम्ही मला फार आवडता हो."

त्यानं हात पुढे केला. तो हात मी आठ आठवडे धरला होता, वाकवला होता, मोजला होता. त्यातली शीर न् शीर मला पाठ होती. आणि आता तो नुसता धरायचा होता, तर आपली बोटं कुठे ठेवायची हेच मला समजेना. मी एकदा धरला, सोडला, पुन्हा धरला.

शेवटी त्यानंच माझं एकेक बोट उचलून नीट बसवून घेतलं.