तांबड्या केसांचं पहिलं पाऊल

त्या नववर्षाच्या सकाळी मी चहाचं आधण ठेवलं आणि दुधाची वाट बघत खिडकीशी उभी राहिले. समुद्रावरून आलेलं धुकं इतकं दाट होतं की समोरचं फाटकही दिसत नव्हतं. दूधवाला वॉटी आला, पण त्याच्या हातात बाटली नव्हती.

"नर्सबाई, टोकावरच्या मोवॅटांकडे जा. लेक्सी पहाटेपासून ओरडतेय आणि म्हातारी दार उघडत नाही."

"तुम्ही तिथंच होतात ना? मग आत का नाही गेलात?"

वॉटीने टोपी उचलून आपलं तुळतुळीत टक्कल दाखवलं. "म्हणाली, टकल्याचं पाऊल चालतं की नाही ते मला ठाऊक नाही, तू बाहेरच थांब. मी गाडी घेऊन डॉक्टरांना आणतो. त्यांचे केस काळे आहेत."

डॉक्टर बारा मैलांवर. त्या धुक्यात जाऊन यायला तीन तास तरी लागणार. लेक्सीचा नवरा दूरच्या बंदरात कामाला गेलेला, आणि तिचं मूल पायाळू होतं. दोन आठवड्यांपूर्वी सासूची नजर चुकवून ती माझ्याकडे आली, तेव्हा मी पोट चाचपून पाहिलं होतं. पायाळू मूल तीन तास थांबत नाही. मी आधण तसंच उतरवलं आणि पिशवी उचलली.

स्कॉटलंडच्या आमच्या या उत्तर टोकाला वर्षाच्या पहिल्या दिवशी घरात पहिलं पाऊल काळ्या केसांच्या पुरुषाचं पडावं लागतं. तो कोळशाचा खडा घेऊन येतो, चुलीत टाकतो, आणि मग घराला वर्षभर ऊब पुरते म्हणे. तेच पहिलं पाऊल तांबड्या केसांच्या बाईचं पडलं, तर त्या घरातलं एक माणूस वर्षाच्या आत जातं. माझे केस गाजरासारखे. पोरं मला गाजरच म्हणत. मच्छीमार बोटीकडे निघाले आणि मी समोर दिसले की ते अपशकुन टळावा म्हणून बुटाच्या लोखंडी खिळ्याला हात लावत आणि मुकाट्याने घरी परतत. त्यांच्याच बायका अडल्या की मात्र माझ्या दाराची कडी वाजे. याचं मला हसू यायचं, आणि कधीकधी उशीत तोंड खुपसून रडूही यायचं.

परतला नाही तो एकटा मॅग्नस. टोकावरच्या कर्स्टी मोवॅटचा हा काळ्या केसांचा थोरला मुलगा, लेक्सीचा दीर. तीन वर्षांपूर्वी बंदराच्या वाटेवर तो मला समोरासमोर भेटला. बरोबरचे दोघे मागे फिरायला निघाले, तर यानेच त्यांना हसून थांबवलं. "अरे, असं डोकं तर धुक्यातसुद्धा दिसेल. नर्सबाई, संध्याकाळी धक्क्यावर उभ्या राहा, म्हणजे आम्हाला दिवा नको." संध्याकाळी खरंच धुकं उतरलं. मी धक्क्यावर गेले नाही. उगाच कोणी बोल लावेल म्हणून घरातच बसले. बोट आली नाही आणि तिघांपैकी एकाचंही प्रेत मिळालं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी डोक्याला काळा रुमाल बांधायला लागले.

टोकाची वाट दगडी कुंपणाच्या कडेने जाते. एका हाताने कुंपण चाचपत मी चालले होते. समुद्र जवळच होता, पण त्याचा आवाज येत नव्हता. मैलभर गेल्यावर मला मागे पावलं ऐकू आली. जड बुटांची होती, आणि दर पावलाला बुटातलं पाणी पचकत होतं.

मी थांबले, तशी तीही थांबली.

"वॉटी?"

ओल्या दोराचा आणि डांबराचा वास आला. पुढे निघाले, तर पावलं इकडून तिकडे भरकटू लागली. अंधारात दाराची कडी शोधणाऱ्या माणसासारखी ती कधी डावीकडे जात, कधी कड्याच्या बाजूला. मग अगदी दमलेला आवाज आला.

"नर्सबाई... रुमाल काढा... काही दिसत नाही हो..."

हा आवाज मी शेवटचा ऐकला होता बंदराच्या वाटेवर. पळावंसं वाटलं, पण पळून जायचं कुठं? लेक्सी पुढे होती. गाठ सुटेना. शेवटी रुमाल ओढून काढला तेव्हा चार केसही उपटले गेले. केस खांद्यावर पडले, आणि मागची पावलं सरळ झाली.

उरलेली वाट मी मागे वळून पाहिलं नाही. घर आलं ते लेक्सीच्या किंकाळीवरून कळलं. मी दार बडवलं.

"कर्स्टीबाई, उघडा. मूल पायाळू आहे. उशीर झाला तर दोघंही हातची जातील."

"तुझ्या पावलाने तर नक्की जातील." म्हातारी दाराला टेकूनच उभी असावी, इतका आवाज जवळून आला. "माझा मॅग्नस तुलाच भेटला होता ना त्या दिवशी? एक पोर तुझ्यापायी गेला. आता नातवंडही नेणार?"

"आजचा दिवस मला काय वाटेल ते बोला. पण दार उघडा."

"काळ्या केसांचा कोणी आला की उघडेन. तोवर परत जा."

आतून लेक्सीचा आवाज आला, "आई, उघडा ना हो..." आणि तो विरत गेला. मी दाराला कपाळ टेकून उभी राहिले. या बाईने म्हटलेलं मी स्वतःच तीन वर्षं स्वतःला म्हणत आले होते.

तेवढ्यात अंगाला गारवा लागला. पचपचणारी पावलं माझ्या बाजूने पायरीवर चढली. मला कोणी दिसलं नाही. बुटाची टाच पायरीच्या दगडावर दोनदा आपटल्याचा आवाज मात्र आला, वाळू झटकायला आपटतात तसा.

मग कडी निघाली.

"बूट पूस आधी," ती म्हणाली. सवयीने म्हणाली, मॅग्नसला रोज म्हणत असावी तशी. मग तिने डोळे वर केले. उंबऱ्यावर मी होते आणि माझ्या मागे नुसतं धुकं.

"आई... मागे नर्सबाई आहेत... त्यांना आत घे..."

वाटेवरचा तोच दमलेला आवाज आता घरातून आला. आम्ही दोघींनी एकाच वेळी खाली पाहिलं. उंबऱ्यापासून चुलीपर्यंत फरशीवर ओली पावलं उमटली होती. चुलीपाशी ती संपली होती आणि तिथं कोळशाचा एक खडा पडला होता. त्यातून पाणी ठिबकत होतं. कर्स्टी दाराचा आधार घेत बाजूला झाली. "ये बाई," ती म्हणाली. "लवकर ये."

पुढचा तास कसा गेला ते माझं मला आठवत नाही. आधी पाय आले, मग खांदे, मग डोकं अडकलं. म्हातारी सुनेचा हात धरून बसली होती आणि मी सांगेन ते बिनबोभाट करत होती. मूल बाहेर आलं ते निळं पडलेलं. मी चोळलं, फुंकर घातली, पुन्हा चोळलं. शेवटी ते रडलं, आणि आम्ही तिघीही रडलो.

मुलगी होती. अंग पुसताना मी तिचं डोकं पुसायला कचरत होते. रक्त पुसलं गेलं तरी जावळाचा रंग तांबडाच राहणार, हे मला दिसत होतं. कर्स्टीने माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि स्वतःच पुसलं. तांबडं जावळ बोटाने सारखं केलं.

"ही हरवायची नाही," ती म्हणाली. "धुक्यातसुद्धा."

म्हातारीने चुलीत टाकलेला तो ओला कोळसा पेटला आणि डॉक्टर येईपर्यंत जळत राहिला.

दुसऱ्या वर्षी कर्स्टीने पहिल्या पावलासाठी मलाच बोलावलं. गावाने नाकं मुरडली, मग हळूहळू बोलावू लागलं. नंतरच्या वर्षांत नववर्षाला दोनदा धुकं पडलं. दोन्ही वेळा मी रुमाल न बांधता बाहेर पडले आणि दोन्ही वेळा मागे पावलं वाजली. बोटीवरच्या उरलेल्या दोघांच्या दारात ती एकेक करून थांबली. त्या घरांतल्या माणसांनी मला घट्ट धरून ठेवलं, तेवढंच.

ही गोष्ट संपली असंच मी धरून चालले होते. पण या वर्षी पुन्हा धुकं पडलं. लेक्सीची ती मुलगी, ऊना, आता अकरा वर्षांची आहे. आजीचं बोलावणं घेऊन ती मला न्यायला आली. लोकरीची टोपी कानांच्याही खाली ओढलेली. शाळेत पोरं तिलाही गाजर म्हणतात. "मोठी झाले की मी केस काळे करणार," ती वाटेत म्हणाली.

कुंपणाच्या वळणावर तिने माझा हात घट्ट धरला. "मावशी, मागे कोणीतरी आहे."

मीही ऐकलं होतं. पावलं अनवाणी होती आणि भरकटत होती. बोटीवर तिघंच होते आणि तिघंही घरी पोहोचले आहेत. माझं डोकं उघडंच होतं, पण माझे केस आता राखेसारखे झाले आहेत.

"काही दिसत नाही..." मागून आवाज आला. तो बाईचा होता. आमच्या गावची कोणी बाई समुद्रात गेल्याचं मी तरी कधी ऐकलेलं नाही.

"घाबरू नकोस," मी ऊनाला म्हणाले. "टोपी काढ, बाळा."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग टोपी काढली. तिचे केस मोकळे झाले. मागची पावलं थबकली, आणि मग आमच्या दिशेने सरळ येऊ लागली. आम्ही दोघी हळूहळू चालू लागलो, मागच्या बाईला गाठता यावं म्हणून.