बॅकअपमध्ये नसलेला आवाज

विश्वास ठेवायचा तर ठेवा. माझी मामेबहीण उठसूट शपथा घेणारी बाई नाही, आणि हे तिने मला रडत सांगितलंय.

रात्र नव्हती. मंगळवारची भर दुपार होती. स्टुडिओत सगळे दिवे चालू होते.

ताई आणि तिचा धाकटा दीर मिळून एक छोटा डबिंग स्टुडिओ चालवायचे. ताईचा नवरा तिथला मुख्य आवाज. मालिकांमधले बाप, डॉक्टर, खलनायक, सगळे तोच. गेल्या वर्षी तो अचानक वारला. मागे उरला तो फक्त सर्व्हरवरचा त्याचा आवाज. काम संपलं की ताई त्याचं एक तरी वाक्य ऐकायची, मगच घरी जायची.

सर्व्हरचं सगळं दीर बघायचा. ताई सारखी विचारायची, बॅकअपमध्ये सगळं आहे ना?

"वहिनी, मी स्वतः पाहिलंय."

सख्ख्या दिरावर विश्वास ठेवायचा नाही, तर कोणावर?

सोमवारी सर्व्हरची डिस्क उडाली.

मंगळवारी दिराने बॅकअपमधून सगळं परत आणलं. ताईने एक जुना प्रसंग लावला. त्यात नायिकेचे आणि नवऱ्याचे संवाद होते आणि प्रत्येकाचा आवाज वेगळ्या फाइलमध्ये.

नायिका म्हणाली, "दार कोणी उघडलं?"

...शांतता.

"बोलत का नाहीस?"

...पुन्हा शांतता.

ताईने दुसरा प्रसंग लावला. मग तिसरा. सगळीकडे माणसं प्रश्न विचारत होती आणि उत्तर द्यायला कोणीच नव्हतं.

नवऱ्याच्या आवाजाचं फोल्डर बॅकअपमध्ये नव्हतंच.

दीर आधी आढेवेढे घेत राहिला, मग बोलला. जेवढं बॅकअपला घेतलं, तेवढंच तो तपासायचा. मूळ सर्व्हरशी कधी ताडून बघितलंच नाही. आणि ते फोल्डर त्याने स्वतःच वगळलं होतं.

"जागा पुरत नव्हती, वहिनी. दादा काही आता रेकॉर्डिंगला येणार नव्हता."

"कधी वगळलंस?"

"तो गेला त्याच आठवड्यात."

केसाने गळा कापला गं, असं ताई मला म्हणाली. नवरा गेला ते नशीब. पण त्याचा आवाज त्याच्या सख्ख्या भावाने घालवावा?

प्रसंग मागे चालूच होता. कोणी बंद केला नव्हता.

...शांतता.

मग कोणीतरी घसा खाकरला. दोनदा.

बोलण्याआधी तो नेहमी दोनदा खाकरायचा. ताई ते प्रत्येक रेकॉर्डिंगमधून कापून टाकायची. ते कुठल्याच फाइलमध्ये असणं शक्य नव्हतं.

दिराने स्पीकरची वायर उपटली.

तरीही आवाज आला... अगदी जवळून.

"छोट्या, तू पाहिलं होतंस ना?"

दिराला छोट्या म्हणणारा एकच माणूस होता.

दीर त्या दिवसापासून स्टुडिओत फिरकलेला नाही.

ताईला त्या आवाजाची भीती वाटत नाही. तिचं दुखणं वेगळंच आहे. वर्षभर तीच त्याला ऐकत बसली, आणि तो आला तो भावाला जाब विचारायला. तिच्याशी एक शब्दही बोलला नाही.

ती अजून रोज तोच पहिला प्रसंग लावते. काल मीही सोबत बसले होते.

"बोलत का नाहीस?" नायिकेने विचारलं.

...आणि माझ्या खुर्चीमागे कोणीतरी दोनदा खाकरलं.

ताईने गर्रकन माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंस?"

हो म्हटलं असतं, तर ती त्या खोलीतून पुन्हा कधी उठली नसती. मी म्हटलं, "नाही गं."

तिचा चेहरा पडला. तिने मशीन बंद केलं.

घरी आल्यापासून ते खाकरणं माझ्या मागे आहे. अजून तो बोललेला नाही...

पण काय विचारेल, ते मला माहीत आहे.